फॉल आउट बॉय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा बँड कुठला आणि त्यात कोण कोण आहे?

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर विल्मेट नावाचं खाऊनपिऊन सुखी उपनगर आहे. २००१ मध्ये बँड तिथे सुरू झाला. पॅट्रिक स्टंप गातो आणि गिटार वाजवतो. पीट वेंट्झ बासवर, जो ट्रोमन लीड गिटारवर आणि अँडी हर्ली ड्रम्सवर. सुरुवातीला ड्रमर बदलत राहिले, पण २००३ च्या पहिल्या खऱ्या अल्बमपासून माणसं हीच चार. भांडणं झाली, काही वर्षं कामही बंद होतं, तरी कायमचं कोणी सोडून गेलं नाही. पॉप-पंक आणि इमो या प्रकारच्या रॉक संगीतात हे फार विरळा. आठ स्टुडिओ अल्बम झाले, त्यातले चार अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

हे एकमेकांना भेटले कसे?

पुस्तकांच्या दुकानात. विल्मेटमधल्या बॉर्डर्सच्या दुकानात ट्रोमन एका मित्राशी न्यूरोसिस या जड मेटल बँडबद्दल बोलत उभा होता. शेजारचा एक अनोळखी, चष्मेवाला मुलगा मध्येच तोंड घालून त्याची चूक सुधारायला लागला. तो मुलगा म्हणजे स्टंप. दोघंही तेव्हा शाळकरी वयाचे. ट्रोमनची वेंट्झशी आधीपासून ओळख होती. वेंट्झ पाचेक वर्षांनी मोठा, कॉलेजात राज्यशास्त्र शिकणारा (ते शिक्षण पुढे अर्धवटच राहिलं) आणि शिकागोच्या हार्डकोर पंक (पंकचा अधिक वेगवान, कर्कश प्रकार) वर्तुळात नाव असलेला.

स्टंप खरा ड्रमर. तो आला होता तोही ड्रम्स वाजवायच्या तयारीने. गायला लावल्यावर या पोरांच्या लक्षात आलं की या गळ्याला ड्रम्सच्या मागे बसवणं म्हणजे वेडेपणा. स्वतः स्टंपला मात्र आपण गायक आहोत हे पटायला पुढे बरीच वर्षं लागली. जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ पाहा. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नजर माइकवर आणि मंचभर उड्या मारायचं काम बाकीच्या दोघांकडे.

नाव कुठून आलं?

'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतून. त्यात रेडिओअॅक्टिव्ह मॅन नावाचा सुपरहिरो आहे, त्याच्या जोडीदाराचं हे नाव. दुसऱ्याच कार्यक्रमात बिननावाच्या बँडने प्रेक्षकांनाच नाव विचारलं आणि गर्दीतून कोणीतरी हे ओरडलं. तेच राहिलं.

हे इमो आहे की पॉप-पंक?

यावरून लोक इंटरनेटवर वीस वर्षं भांडताहेत, आणि दोन्ही बाजूंचे कट्टर लोक यांना आपल्यात घ्यायला तयार नाहीत.

सांगाडा पॉप-पंकचा आहे: मोजक्या कॉर्ड, धावते ड्रम्स, आणि पहिल्या मिनिटाच्या आत येऊन धडकणारं ध्रुवपद. ग्रीन डेने १९९४ च्या 'डूकी' अल्बमने हा साचा घराघरांत नेला आणि ब्लिंक-१८२ ने त्यावर विनोदाचा थर चढवला. इमो म्हणजे मनातली घालमेल उघडी करणारं पंक; त्याची कूळकथा वेगळी. १९८० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टन डीसीच्या हार्डकोर पंकमधून, राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडांतून तो निघाला. नव्वदीत तो मिडवेस्टात, म्हणजे शिकागोच्या आसपासच्या राज्यांत रुजला. शिकागो परिसरातला कॅप्न जॅझ, इलिनॉयचेच ब्रेड आणि अमेरिकन फुटबॉल, शेजारच्या मिलवॉकीचा प्रॉमिस रिंग. म्हणजे फॉल आउट बॉयच्या चौघांना इमो परगावाहून आणावा लागला नाही, तो त्यांच्या अंगणातच होता. न्यू जर्सीच्या लाइफटाइम आणि सेव्ह्ज द डे या दोन बँडांचं ऋण तर ते उघडपणे मानतात.

पण बुडाशी हार्डकोर आहे, हे विसरू नका. वेंट्झ आर्मा अँजेलस या हार्डकोर बँडमध्ये घसा फाडून ओरडायचा. हर्ली रेसट्रेटरमध्ये (म्हणजे 'वंशद्रोही') होता, आणि तो तर नावापासूनच राजकीय बँड. त्या वर्तुळातल्या कडक सोवळ्याला कंटाळून, जरा मजा म्हणून यांनी हलकी गाणी वाजवायला घेतली. म्हणून तर 'सॅटरडे'सारख्या गाण्यात गोड चालीच्या मागे वेंट्झ अचानक किंचाळतो. हर्लीचे ड्रम्सही पॉपला शोभतील त्याहून जड पडतात. (हर्ली आजही व्हीगन आहे आणि दारू-सिगारेटपासून लांब. ते सोवळं त्याने तरी सोडलेलं नाही.)

यात भर स्टंपच्या गळ्याची. त्याचे आदर्श प्रिन्स आणि मायकेल जॅक्सन. इमो गायक रडवेला, नाकातला सूर लावतात; हा माणूस सोल संगीतातल्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण गायकीतल्या) हरकती घेतो. तेव्हा शिक्का कोणता मारायचा ते तुम्ही ठरवा. मी 'इमोचं पाणी प्यायलेलं पॉप-पंक' म्हणून मोकळा होतो.

गाणी लिहितं कोण? गायकच ना?

नाही, आणि या बँडबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. शब्द वेंट्झचे, चाल आणि आवाज स्टंपचा.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भावगीतात कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक बहुतेक तिसराच. पण रॉक बँडांत, त्यातही इमोत, सगळी मदारच 'हे माझ्यावर गुदरलेलं आहे' या दाव्यावर. जो रडतो त्यानेच लिहिलेलं असलं पाहिजे, असा अलिखित नियम. इथे ज्याच्यावर गुदरलं तो बास घेऊन शेजारी उभा आहे आणि गातोय दुसराच.

पहिल्या अल्बमच्या वेळी असं नव्हतं. स्टंपही शब्द लिहायचा, वेंट्झ ते खोडायचा, आणि एकेका ओळीवरून दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची. दुसऱ्या अल्बमपासून स्टंपने शब्दांवरचा हक्क सोडला. मग पद्धत बसली ती अशी: वेंट्झ पानंच्या पानं सुटी वाक्यं लिहून पाठवतो. त्यात ना कडवं, ना ध्रुवपद, ना वृत्त. स्टंप त्यातली हवी ती वाक्यं उचलतो, मागची पुढे करतो, कुठे अर्धीच तोडतो आणि चालीत बसवतो.

याचा परिणाम कानाला लगेच कळतो. एका मात्रेत तीन अक्षरं कोंबलेली, जोर भलत्याच अक्षरावर, वाक्य एका ओळीत सुरू होऊन पुढच्या ओळीच्या मध्यावर संपणारं. कवीने चाल डोक्यात ठेवून लिहिलं असतं तर असं झालंच नसतं.

'डान्स, डान्स' कान देऊन ऐका. आधी हर्लीचा ठेका, त्यावर वेंट्झची बासची ओळ. ती इतकी ठसठशीत की कडवंभर गिटारला फारसं काम उरत नाही. वरचे शब्द आहेत स्वतःचीच लाज वाटणाऱ्या, नाकारल्या गेलेल्या पोराचे. स्टंप ते असे गातो की खांदे हलायला लागतात. लिहिणाऱ्यानेच गायलं असतं तर ते गाणं रडगाणं झालं असतं. वेंट्झचा कडवटपणा आणि स्टंपचा ठेका एकमेकांना छेद देतात, आणि बँडची सगळी करामत त्या छेदात आहे. जिथे हे दोघं दुरावले तिथे बँड बुडाला, जुळले तिथे वर आला. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात.

'शुगर, वी आर गोइन डाउन'मध्ये तो नक्की काय म्हणतो?

तुम्हाला कळलं नसेल तर तुमच्या इंग्रजीचा दोष नाही. अमेरिकन लोकांनाही कळत नाही. २००५ पासून त्या ध्रुवपदाचे चुकीचे शब्द गोळा करणं हा चाहत्यांचा लाडका उद्योग आहे. स्टंपने स्वर इतके ताणले आणि व्यंजनं इतकी गिळली की शेवटच्या ओळीचा पार लगदा झालाय. तरी गाणं बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत ८ व्या क्रमांकावर गेलं. व्हिडिओत डोक्यावर हरणाची शिंगं उगवलेला मुलगा आहे, त्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कारही मिळाला.

गाण्यांची नावं इतकी लांबलचक का?

खोडसाळपणा. नावाचा गाण्यातल्या शब्दांशी बहुतेक वेळा काडीचा संबंध नसतो. 'फ्रॉम अंडर द कॉर्क ट्री' या अल्बमच्या पहिल्याच गाण्याचं नाव आहे 'अवर लॉयर मेड अस चेंज द नेम ऑफ धिस साँग सो वी वुडन्ट गेट सूड'. म्हणजे खटला होऊ नये म्हणून वकिलाने नाव बदलायला लावलं, आणि तसं ते खरोखरच बदलावं लागलं होतं: मूळ नावात टेम्पटेशन्स या जुन्या सोल गटाचा आणि त्यांच्या गायकाचा उल्लेख होता. पुढे नावांची टिंगल व्हायला लागल्यावर २००७ मध्ये यांनी 'थँक्स फॉर द मेमरीज'च्या इंग्रजी स्पेलिंगमधले सगळे स्वर काढून टाकले, जुन्या मोबाइलवरच्या मेसेजसारखे. तोही विनोदच.

पहिला अल्बम कोणता? काही लोक वेगळंच नाव सांगतात.

२००३ मध्ये दोन रेकॉर्ड आल्या, म्हणून हा गोंधळ. 'इव्हनिंग आउट विथ युअर गर्लफ्रेंड' ही छोटी रेकॉर्ड एका लहान कंपनीने काढली. ती कच्ची आहे आणि बँड तिला स्वतःच फारसं जवळ करत नाही. खरा पहिला अल्बम म्हणजे मे २००३ चा 'टेक धिस टू युअर ग्रेव्ह'. निळ्या छटेतला फोटो, चौघं एका जुनाट कोचावर बसलेले. तोच तो.

तो ज्या पैशांतून झाला, तो व्यवहार मजेशीर आहे. आयलंड रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी यांच्यावर नजर ठेवून होती, पण लगेच करार करायची तिची तयारी नव्हती. तिने आगाऊ पैसे दिले, बदल्यात पुढच्या अल्बमवर पहिला हक्क घेतला, आणि हा अल्बम निघाला फ्युएल्ड बाय रामेन या फ्लोरिडातल्या लहान लेबलवर. लेस दॅन जेक या बँडचा ड्रमर विनी फिओरेलो आणि जॉन जॅनिक यांनी ते १९९६ मध्ये गेन्सव्हिलमध्ये सुरू केलं होतं. सगळ्यांचंच फावलं. बँडला मोठ्या कंपनीचे पैसे मिळाले आणि 'विकले गेले' हा शिक्काही बसला नाही. लहान लेबलला एक गाजलेली रेकॉर्ड मिळाली. आयलंडला फार जोखीम न घेता मुलं किती पाण्यात आहेत ते बघता आलं.

ध्वनिमुद्रण विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात, स्मार्ट स्टुडिओमध्ये झालं, निर्माता शॉन ओकीफ. निर्वाणा बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमची पहिली रेकॉर्डिंग्जही याच स्टुडिओतली. बरीचशी गाणी नऊ दिवसांत उरकली. जेवणाचे वांधे, झोपायला ओळखीच्यांची जमीन. आजही जुने चाहते 'ग्रेव्हनंतर यांनी काही केलंच नाही' असं छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. तो अल्बम धारदार आहे खरा, पण त्यात बँड अजून सेव्ह्ज द डेच्या सावलीत आहे.

२००५ ते २००७ मध्ये एवढे मोठे झाले ते कशामुळे?

गाणी चांगली होती हे झालंच. 'कॉर्क ट्री'चा निर्माता नील अव्हरॉन. न्यू फाउंड ग्लोरी आणि यलोकार्ड या पॉप-पंक बँडांचं काम केलेला, गिटारची धार न घालवता रेडिओला चालेल असं मिश्रण करणारा माणूस. अल्बम मे २००५ मध्ये आला. 'शुगर'पाठोपाठ 'डान्स, डान्स'ही पहिल्या दहात, ९ व्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत अल्बमला डबल प्लॅटिनम (वीस लाख प्रतींचा दाखला) मिळालं आणि ग्रॅमीत नवोदित कलाकाराचं नामांकन. पुरस्कार जॉन लेजंडने नेला.

पण हा अल्बम सुखात झालेला नाही. २००५ च्या फेब्रुवारीत वेंट्झचं मन इतकं ढासळलं की त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. पुढे त्याने त्याबद्दल मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं. विशीतला पुरुष, तोही रॉक बँडमधला, नैराश्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलतोय हे त्या काळी नेहमीचं नव्हतं, आणि पोरांना तो जवळचा वाटला त्यात याचा वाटा मोठा.

दुसरं कारण काळ. एमटीव्हीवर अजून गाणी लागत होती आणि मायस्पेस ही सोशल साइट भरात होती. वेंट्झला इंटरनेटचं वारं लवकर कळलं. तो ब्लॉग लिहायचा, चाहत्यांशी थेट बोलायचा, डोळ्यांत काजळ घालून मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकायचा. क्लँडेस्टाइन नावाने कपडे विकायचा. फ्युएल्ड बाय रामेनच्या छत्राखाली त्याने डिकेडान्स हे स्वतःचं उपलेबल काढलं आणि लास व्हेगासच्या काही पोरांचे ऑनलाइन डेमो ऐकून त्यांना करारबद्ध केलं. ती पोरं म्हणजे पॅनिक! अॅट द डिस्को. पुढे जिम क्लास हीरोज, कोब्रा स्टारशिप हेही त्याच्याच तंबूत आले. त्या वर्षांतलं निम्मं इमो-पॉप एकाच माणसाच्या इनबॉक्समधून गेलं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये 'इन्फिनिटी ऑन हाय' पहिल्याच आठवड्यात २,६०,००० प्रती विकून पहिल्या क्रमांकावर आला. पहिलं गाणं रॅपर जे-झीच्या आवाजाने उघडतं, दोन गाण्यांचा निर्माता बेबीफेस. पंक बँडच्या अल्बमवर आर अँड बीचा (सोलच्या घराण्यातलं पॉप) एवढा मोठा माणूस! स्टंपच्या गळ्याला शेवटी त्याचं माहेर सापडलं.

अंटार्क्टिकाची काय गोष्ट आहे?

२००८ च्या मार्चमध्ये सातही खंडांवर कार्यक्रम करणारा बँड म्हणून गिनीजमध्ये नाव घालायचं ठरलं. चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनासपर्यंत पोहोचले, तिथे हवा बिघडली, विमान उडालंच नाही. परत आले.

मग २००९ मध्ये थांबले का?

वरवरचं कारण 'फोली आ दू'. डिसेंबर २००८ चा हा अल्बम. एल्विस कॉस्टेलो, लिल वेन, डेबी हॅरी असे पाहुणे, थाटमाट मोठा, आणि बिलबोर्डवर ८ वा क्रमांक. ज्यांच्या आधीच्या अल्बमने पहिला क्रमांक पटकावला होता, त्यांच्यासाठी ही उतरंडच. त्याहून वाईट म्हणजे कार्यक्रमांत नवी गाणी सुरू झाली की समोरून हुर्यो व्हायची. पैसे देऊन तिकीट काढलेले स्वतःचेच चाहते जुनं वाजवा म्हणून ओरडत. स्टंपला ते फार लागलं.

खरं दुखणं जुनं होतं. वेंट्झ एव्हाना बँडपेक्षा मोठा झाला होता. गायिका अॅशली सिम्पसनशी लग्न, गॉसिप मासिकं, टीव्ही. लोकांना बासवाला माहीत आणि गायकाचं नाव माहीत नाही, अशी अवस्था. शब्द आणि सूर यांच्यातला तोल बिघडला. ट्रोमनलाही आपल्याला या बँडमध्ये काही बोलायला जागा उरलेली नाही असं वाटत होतं. हे त्यानेच नंतर सांगितलं. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्लिंक-१८२ च्या आधी वाजवून झाल्यावर ब्लिंकच्या मार्क हॉपसने मंचावरच वेंट्झचं डोकं भादरलं. ती प्रसिद्ध झुलपं गेली आणि पुढच्या महिन्यात विश्रांतीची घोषणा झाली. फुटलो असं मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

ऐकणाऱ्यांना एक सांगतो: 'फोली आ दू' आज पुन्हा लावा. तेव्हा हुर्यो करणारेच आता त्याला सर्वोत्तम म्हणतात. मीही तो पहिल्या दोनांत धरतो. स्टंप इतका मोकळा त्याआधी कधीच गायला नव्हता.

मधल्या तीन वर्षांत काय केलं?

ट्रोमन आणि हर्ली अँथ्रॅक्स बँडच्या स्कॉट इयानबरोबर द डॅम्ड थिंग्ज या मेटल बँडमध्ये गेले आणि मनसोक्त आवाज केला. वेंट्झने ब्लॅक कार्ड्स हा बँड काढला, तो काही चालला नाही.

स्टंपने २०११ मध्ये 'सोल पंक' हा एकट्याचा अल्बम काढला, सगळी वाद्यं स्वतः वाजवून. वजनही बरंच कमी केलं होतं. त्याचे कार्यक्रम बघायला येऊन लोक काय करत, तर 'तू जाडा होतास तेव्हाच बरा होतास' असं ओरडत. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने यावर एक लांबलचक, दुखावलेला लेख लिहिला. आपण सत्ताविशीतच कालबाह्य झालेला माणूस आहोत, असा त्याचा सूर. तो वाचून वेंट्झने त्याच्याशी संपर्क साधला. दोघं कित्येक वर्षांत पहिल्यांदा गाणी करायला एकत्र बसले. पहिली गाणी जमली नाहीत, टाकून दिली. पण बसायला लागले.

२०१३ चं पुनरागमन कसं झालं?

गुपचूप. स्टुडिओत अल्बम पुरा झाला तरी बाहेर कोणाला पत्ता नव्हता. ४ फेब्रुवारी २०१३ ला एकदमच सगळं जाहीर: नवं गाणं, नवा अल्बम, दौरा आणि त्याच संध्याकाळी शिकागोतल्या सबटरेनियन या छोट्याशा जागी कार्यक्रम. सोबत एक फोटो होता. शिकागोचं जुनं कोमिस्की पार्क मैदान जिथे होतं, त्या परिसरात चौघं आपल्याच जुन्या रेकॉर्डची होळी करून उभे. १९७९ मध्ये याच मैदानावर रॉकवाल्यांनी डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोट करून उडवल्या होत्या. डिस्को आणि आर अँड बी आवडणाऱ्या गायकाच्या बँडने ही जागा निवडावी, यात टोमणा आहे.

'सेव्ह रॉक अँड रोल' एप्रिलमध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात १,५४,००० प्रतींसह पहिला क्रमांक. शीर्षकगीतात एल्टन जॉन गायलाय. अकराही गाण्यांचे व्हिडिओ जोडून एक सलग, रक्तबंबाळ गोष्ट केली आहे. कमकुवत मनाच्या लोकांनी नुसतंच ऐकावं. स्टंप आता टोपी मागे सारून, समोर बघत गात होता.

त्यानंतर ते 'विकले गेले' म्हणतात, ते खरं का?

हा आरोप २००५ पासून दर अल्बमला होतो, त्यामुळे त्याची धार गेली आहे. पण २०१३ ते २०१८ मधल्या गाण्यांचा साचा बदलला हे खरं. टाळ्या, घोषणा, स्टेडियमभर घुमेल असा ठेका, आणि उसना घेतलेला एखादा ओळखीचा तुकडा. 'सेंच्युरीज'ची सुरुवात सुझॅन व्हेगाच्या 'टॉम्स डायनर'मधल्या गुणगुण्यावर, तर 'उमा थर्मन'ची गिटार 'द मन्स्टर्स' या साठच्या दशकातल्या टीव्ही मालिकेच्या धूनेवर बेतलेली. 'सेंच्युरीज' हॉट १०० मध्ये १० व्या क्रमांकावर गेलं आणि खेळांच्या प्रक्षेपणांत इतकं वाजलं की नुसतं ऐकून स्कोअरबोर्ड दिसायला लागावा.

'अमेरिकन ब्युटी/अमेरिकन सायको' २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला. माझ्या मते तो चलाख आहे, पण त्यात वेंट्झ कमी आणि घोषवाक्यं जास्त.

आणि 'मेनिया'?

२०१८ चा हा अल्बम म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. 'यंग अँड मेनेस' हे गाणं २०१७ मध्ये आलं. स्टंपचा आवाज कापून, चिरका करून नाचाच्या संगीतात फिरवलेला. ज्या बँडचं सोनं तो आवाज, त्याच आवाजाचा भुगा. अल्बम सप्टेंबर २०१७ ला यायचा होता, घाईत झालाय असं बँडलाच वाटलं म्हणून जानेवारी २०१८ पर्यंत लांबला. पहिला क्रमांक तरीही मिळाला, ग्रॅमीत रॉक अल्बमचं नामांकनही. 'चर्च' आणि 'विल्सन' ही दोन गाणी ठेवा, बाकी सोडलं तरी चालेल.

हेला मेगा टूर म्हणजे काय?

ग्रीन डे, वीझर आणि फॉल आउट बॉय यांचा एकत्र स्टेडियम दौरा. २०२० मध्ये व्हायचा होता, कोविडमुळे २०२१ च्या उन्हाळ्यात झाला. त्यातही चमूतल्या एकाला कोविड निघाल्यामुळे यांना न्यूयॉर्क आणि बॉस्टनचे कार्यक्रम सोडावे लागले.

जो ट्रोमनने बँड सोडला होता ना?

सोडला नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये, नवं गाणं आलं त्याच दिवशी, मानसिक आरोग्यासाठी काही काळ बाजूला होतोय असं त्याने जाहीर केलं, आणि परत येईन असंही सांगितलं. मे महिन्यात आला. त्याच्या आदल्या वर्षी त्याचं आत्मकथन प्रसिद्ध झालं होतं, त्यात नैराश्याबद्दल बरंच आहे. विनोदी पुस्तक आहे, जरूर वाचा.

'सो मच (फॉर) स्टारडस्ट' कसा आहे?

चांगला. मार्च २०२३ चा अल्बम, पुन्हा फ्युएल्ड बाय रामेन, पुन्हा नील अव्हरॉन, पुन्हा गिटार. बिलबोर्डवर ६ वा, म्हणजे आकड्यांत मागे पडला. पण 'लव्ह फ्रॉम द अदर साइड'मध्ये वेंट्झची तिरकस वाक्यं आणि स्टंपची चढी चाल पुन्हा एकमेकांशी भांडतात. चाळिशीला टेकलेली, पोराबाळांची माणसं विशीतल्या दुःखाचं नाटक न करता आपल्या वयाचं काहीतरी म्हणताहेत. त्या दौऱ्यात रोज एक गाणं आयत्या वेळी, भविष्य सांगणाऱ्या खेळण्यातल्या चेंडूच्या नावाने निवडलं जायचं, त्यामुळे वर्षानुवर्षं न वाजलेली गाणीही ऐकायला मिळाली.

मग 'वी डिडन्ट स्टार्ट द फायर' कशाला केलं?

कोणास ठाऊक. बिली जोएलचं १९८९ चं गाणं म्हणजे जगातल्या घटनांची जंत्री; त्यात यांनी त्यापुढच्या घटना भरून ते जून २०२३ मध्ये काढलं. मूळ गाण्यात घटना कालक्रमाने येतात, यात यमक जुळेल तशा कुठेही. शिवाय कोविडच गायब! वेंट्झचे शब्द एवढे सपाट कधीच झाले नव्हते.

टेलर स्विफ्टचा यांच्याशी काय संबंध?

गीतकार म्हणून आपल्यावर ज्यांचा प्रभाव पडला त्यांत ती फॉल आउट बॉयचं नाव घेते. २०२३ मध्ये 'स्पीक नाउ' या अल्बमच्या तिच्या नव्या आवृत्तीत 'इलेक्ट्रिक टच' हे गाणं तिने यांच्याबरोबर गायलं आहे.

मी यांचं काही ऐकलेलं नाही. माझा यांच्याशी कधी संबंध आला असेल का?

बहुधा आलाय. डिस्नेच्या 'बिग हीरो ६' चित्रपटातलं 'इमॉर्टल्स' यांचंच. घरात लहान मूल असेल तर 'स्पायडी अँड हिज अमेझिंग फ्रेंड्स'चं इंग्रजी शीर्षकगीत तोंडपाठ असेल, तो आवाज पॅट्रिक स्टंपचा. मालिकेचं संगीतही त्याचंच. आणि मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवाला ग्रीन डे ऐकायला गेला असाल, तर या बँडचे थोरले भाऊ तुम्ही पाहून आलात.

सुरुवात कुठून करू?

'फ्रॉम अंडर द कॉर्क ट्री' पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोनवर. नाही तर बास ऐकूच येणार नाही. आवडला आणि अजून वेग हवा असेल तर मागे 'टेक धिस टू युअर ग्रेव्ह'कडे जा. गाणं ऐकायची आवड जास्त आणि गिटारच्या गोंगाटाची कमी असेल तर पुढे 'इन्फिनिटी ऑन हाय' आणि 'फोली आ दू'. व्यायामाला काहीतरी हवंय एवढंच असेल तर २०१३ नंतरचं काहीही लावा. शब्द डोळ्यांसमोर ठेवूनच ऐका, निदान 'शुगर'च्या वेळी तरी.